घराघरांतील पाटी
(मारिओ व्हार्गास योसा यांच्या 'द फीस्ट ऑफ द गोट' या कादंबरीविषयी)

डोमिनिकन प्रजासत्ताक हा कॅरिबियन समुद्रातील एक छोटा कॅथलिक देश. १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षे त्या देशावर राफाएल लेओनिदास त्रुहियो या एकाच माणसाची सत्ता होती. त्या काळात तेथील घराघरांतून दर्शनी भिंतीवर एक पाटी लावलेली असे. 'या घरात त्रुहियो हाच धनी' अशा अर्थाची अक्षरे तिच्यावर असत. ज्या घरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, त्याच घरात ही पाटी! हुकूम वरून सुटला असेल, शेजाऱ्यांची धास्ती असेल, किंवा खरोखरीची कृतज्ञताही असेल. परंतु भिंतीवर खिळा ठोकणारा हात त्या घरातीलच माणसाचा होता.

हुकूमशहाचा उदय आणि अस्त या विषयावरची पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेकांत राजवाडा असतो, लष्कर असते, कटवाले असतात. तो खिळा ठोकणारा हात मात्र क्वचितच दिसतो. पेरू देशाचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांनी २००० साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध केलेली 'ला फिएस्ता देल चिवो', म्हणजे 'बोकडाचा उत्सव', ही कादंबरी त्या हातापर्यंत जाऊन पोहोचते. एडिथ ग्रॉसमन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'द फीस्ट ऑफ द गोट' या नावाने आला आणि तोच आम्ही वाचला. योसा यांना २०१० साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि एप्रिल २०२५ मध्ये लिमा शहरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाण्यानंतर हे पुस्तक आम्ही पुन्हा हाती घेतले. पहिल्या वाचनात जे भावले त्यातील बरेच दुसऱ्या वाचनातही टिकले. काही टिकले नाही. दोन्हींचा हिशेब येथे मांडावा, असा विचार आहे.

कादंबरीचे तीन पदर आहेत. पहिल्या पदरात उरानिया काब्राल ही एकोणपन्नास वर्षांची वकील स्त्री १९९६ साली न्यूयॉर्कहून आपल्या जन्मगावी, सांतो दोमिंगोला परतते. चौदाव्या वर्षी तिने देश सोडला; त्यानंतर पस्तीस वर्षे तिने पित्याला एकाही पत्राचे उत्तर दिले नाही. तो पिता, आगुस्तिन काब्राल, एके काळी त्रुहियोच्या सिनेटचा अध्यक्ष होता. आता पक्षाघाताने त्याची वाचा गेली आहे. मुलगी बोलते आणि बाप नुसता पाहत राहतो. त्याला काही समजते की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. दुसऱ्या पदरात त्रुहियोच्या आयुष्यातील अखेरचा दिवस, ३० मे १९६१, पहाटेपासून रात्रीपर्यंत उलगडतो. तिसऱ्या पदरात सान क्रिस्तोबालच्या रस्त्यावर अंधारात मोटार उभी करून त्याची वाट पाहणारे मारेकरी आहेत. प्रत्येकाच्या मनात सूडाचा वा पश्चात्तापाचा एकेक इतिहास साठलेला आहे. हे तीन पदर एकमेकांत विणताना कादंबरीकाराने जे कौशल्य दाखविले आहे, त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रथम उदयाविषयी. त्रुहियोचा जन्म १८९१ सालचा, सान क्रिस्तोबाल येथील एका सामान्य कुटुंबातला. १९१६ ते १९२४ या काळात अमेरिकेच्या नौसैनिकांनी तो देश ताब्यात ठेवला होता. त्यांनी उभारलेल्या राष्ट्ररक्षक दलात हा तरुण शिरला आणि अवघ्या काही वर्षांत सेनेचा प्रमुख झाला. १९३० साली वृद्ध राष्ट्राध्यक्ष ओरासिओ व्हास्केस यांच्याविरुद्ध बंड झाले. ज्याने त्यांचे रक्षण करायचे तो सेनापती बराकीत स्वस्थ बसून राहिला. पुढच्या निवडणुकीत दहशतीपुढे विरोधकांनी माघार घेतली आणि १६ ऑगस्टला त्रुहियोने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यानंतर तीन आठवडे होण्याच्या आतच, ३ सप्टेंबरला, भीषण चक्रीवादळाने राजधानी जमीनदोस्त केली. नव्या राष्ट्राध्यक्षाने ती पुन्हा उभी केली आणि १९३६ साली तिला स्वतःचे नाव दिले. चारशे वर्षांहून जुने सांतो दोमिंगो 'सिउदाद त्रुहियो' झाले. रस्ते झाले, शिस्त आली, १९४७ साली देशाचे परकीय कर्ज फिटले. त्याचबरोबर मीठ, मांस, तंबाखू आणि पुढे साखर हे व्यवसाय एका कुटुंबाच्या मुठीत गेले. १९३८ पासून मध्यंतरी काही वर्षे आणि १९५२ नंतर कायमचेच राष्ट्राध्यक्षपदावर दुसऱ्याला बसवून तो पडद्याआडून राज्य करीत राहिला. आपल्या पदाची खुर्ची दुसऱ्याला देऊनही सत्ता तसूभर कमी होत नाही, हे त्याला पुरते उमगले होते.

हे सर्व आम्ही येथे सविस्तर सांगितले, कारण कादंबरीत ते तुटक तुटक येते. योसा यांनी आपल्या हुकूमशहाला वृद्धपणी उचलले आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा, मूत्राशयावर ताबा न राहिलेला, अंगरख्यावर डाग तर पडला नाही ना या चिंतेने पछाडलेला त्रुहियो आपण पाहतो. जो माणूस दुसऱ्याच्या गणवेशाची एक सैल गुंडी सहन करीत नाही, त्याचे स्वतःचे शरीरच त्याच्याविरुद्ध बंड करते, ही कल्पना परिणामकारक आहे खरी. परंतु येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. हुकूमशहाचा अस्त त्याच्या म्हाताऱ्या शरीरात दाखविला, की वाचकाला सूड उगवल्याचे समाधान मिळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. तरणाताठा असताना या माणसाला लोकांनी का स्वीकारले? कर्ज फिटलेल्या देशातील शेतकऱ्याला, वादळानंतर डोक्यावर छप्पर मिळालेल्या विधवेला त्याच्याविषयी काय वाटत होते? या कादंबरीत मंत्री आहेत, सेनापती आहेत, कटवाले आहेत. गरीब माणूस जवळजवळ नाहीच.

शास्ते या पुस्तकात योथामाने सांगितलेला दृष्टान्त या संदर्भात आठवतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघाली. जैतुनाने नकार दिला, कारण त्याला आपले तेल सोडवेना. अंजिराला आपला गोडवा सोडवेना. द्राक्षवेलीला आपला रस सोडवेना. अखेर काटेझुडपाने होकार दिला आणि माझ्या सावलीत या असे झाडांना फर्मावले. काटेझुडपाची सावली ती कसली! पण झाडे गेली. या दृष्टान्तात काटेझुडपाइतकाच दोष जैतुनाचा, अंजिराचा आणि द्राक्षवेलीचाही आहे. आपापल्या फळात गुंग असलेल्या भल्या माणसांनी जी जागा मोकळी सोडली, ती काट्यांनी भरली.

कादंबरीतील आगुस्तिन काब्राल हे असेच एक फळझाड आहे. तो बुद्धिमान आहे, सुसंस्कृत आहे, विधुर झाल्यावर एकुलत्या मुलीला जिवापाड जपणारा बाप आहे. तीस वर्षे निष्ठेने सेवा केल्यावर एके दिवशी वर्तमानपत्रातील लोकांच्या पत्रांच्या सदरात त्याच्याविरुद्ध एक पत्र छापून येते आणि तो मर्जीतून उतरल्याचे सर्वांना कळते. आपले काय चुकले, हे त्याला कोणी सांगत नाही. मित्र ओळख देईनासे होतात. तो अर्ज करतो, विनवण्या करतो, आपल्याच आयुष्यात अपराध शोधत बसतो. वास्तविक अपराध काहीच नाही. धन्याला केवळ परीक्षा पाहावयाची आहे. शेवटी एक जुना स्नेही त्याला मार्ग सुचवितो: तुझी मुलगी चौदा वर्षांची आहे, सुंदर आहे, धन्याला भेट दे. आणि हा प्रेमळ पिता, रात्रभर तळमळून, मुलीला एका 'मेजवानीला' पाठवितो. तिने नकार दिला तर आपण आग्रह धरणार नाही, असे तो तिला सांगतोही. निवडीचे ओझे त्या लेकरावर टाकून तो मोकळा होतो.

त्या रात्री महोगनी घरात जे घडले, ते उरानिया शेवटच्या प्रकरणात आत्या आणि बहिणींना सांगते. ते वर्णन उघडेवाघडे आहे. कोवळ्या वयाच्या वाचकांच्या हाती हे पुस्तक देऊ नये, असे आम्ही स्पष्ट म्हणू. तथापि ते वर्णन चवीसाठी केलेले नाही. ते वाचून वाचकाला शरम वाटते, आणि ती वाटावी हाच त्याचा हेतू आहे. येथे आम्हांला इफ्ताहाची आठवण झाली. विजयासाठी त्याने नवस बोलला आणि घरातून नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. इफ्ताहाने निदान आपली वस्त्रे फाडली. काब्रालने मुलीला नवा पोशाख घालून मोटारीत बसविले. अब्राहामाचा हात देवदूताने वरच्या वर धरला होता. अत्याचारी राजवटीत देवदूताचे ते काम माणसांनाच करावे लागते. या कथेत ते केले काही धर्मभगिनींनी. उरानियाच्या शाळेतील या भगिनींनी तिला आसरा दिला आणि शिष्यवृत्तीची व्यवस्था करून तिला अमेरिकेतील मिशिगन राज्यात पाठविले. कादंबरीत या भगिनींना थोडीच पाने मिळाली आहेत, पण सबंध पुस्तकात एका जिवाला खरोखर वाचविणारी माणसे कोणती, असे विचारले तर बोट त्यांच्याकडेच जाते.

अमादितो या तरुण लेफ्टनंटची कथाही याच जातीची आहे. ज्या मुलीशी लग्न करायचे तिचा भाऊ राजवटीचा विरोधक, म्हणून त्याला परवानगी नाकारली जाते. तो निमूटपणे वाग्दान मोडतो. मग बढतीपूर्वी निष्ठेची कसोटी म्हणून त्याच्या हातात पिस्तूल देऊन बांधलेल्या कैद्यावर गोळी झाडायला लावतात. मागाहून त्याला सांगण्यात येते, की तो कैदी त्याच मुलीचा भाऊ होता. या दोन कथांत योसा यांनी हुकूमशाहीचे मर्म पकडले आहे. ती माणसाला नुसते भिववीत नाही. ती त्याच्याकडून एक बळी मागते. एकदा तो दिला, की माणूस बांधला जातो, कारण धन्याला दोष देणे म्हणजे आता स्वतःलाच दोष देणे होते. उदयाचे जे उत्तर कादंबरीच्या इतिहासात सापडत नाही, ते या दोन घरांत सापडते.

आता दुसरा आक्षेप. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्रुहियोच्या हुकुमाने सीमेवरील हैतीवंशीय मजुरांची कत्तल झाली. मृतांची संख्या काहींच्या मते काही हजार, काहींच्या मते वीस हजारांच्या घरात. हैतीच्या सरकारला साडेसात लाख डॉलर नुकसानभरपाई देण्याचे ठरले आणि तीही पुरती दिली गेली नाही. कादंबरीत हा प्रसंग येतो तो एका मेजवानीच्या टेबलावर, पाहुण्यांच्या गप्पांतून. मारलेल्यांचा आकडा नेमका किती, यावर तेथे चर्चा रंगते. कत्तलीविषयी जेवताना बोलणाऱ्यांचा निगरगट्टपणा दाखविण्यासाठी ही योजना असावी. परंतु परिणाम असा होतो, की मेलेल्यांपैकी एकालाही चेहरा मिळत नाही. एडविज दांतिका या हैतीत जन्मलेल्या लेखिकेची 'द फार्मिंग ऑफ बोन्स' ही कादंबरी दोनच वर्षे आधी, १९९८ साली, आली होती. तिच्यात हीच कत्तल डोमिनिकन घरात राबणाऱ्या अमाबेल नावाच्या हैतीयन मोलकरणीच्या तोंडून येते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे योसा यांची मर्यादा कळते. सत्तेच्या दिवाणखान्यातले त्यांना सर्व काही दिसते. स्वयंपाकघरातली बाई दिसत नाही. आणि हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. २०१३ साली त्याच देशाच्या घटना न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे तेथेच जन्मलेल्या हैतीवंशीयांचे नागरिकत्व मोठ्या प्रमाणावर काढून घेतले गेले. त्यांच्यापैकी पुष्कळांचा जन्म त्रुहियो मेल्यानंतरचा होता.

आता ख्रिस्तसभेकडे वळू, कारण या कथेत ती दोन्ही बाजूंना उभी आहे. १९५४ साली त्रुहियो स्वतः रोमला गेला आणि व्हॅटिकनशी करार करून आला. त्या करारामुळे चर्चला मान मिळाला, शाळा मिळाल्या, सरकारी पैसा मिळाला. सामुदायिक बाप्तिस्म्यांच्या वेळी हा माणूस हजारो गरीब बालकांचा धर्मपिता म्हणून उभा राहत असे. ज्याच्या लेकराचा धर्मपिता राष्ट्राचा धनी, त्याने धन्याविरुद्ध बोलायचे कसे? एका पवित्र संस्काराचे नाते सत्तेच्या साखळीत असे ओवले गेले आणि पाणी ओतणारे हात आम्हां धर्मगुरूंचेच होते. राजधानीचे आर्चबिशप पित्तिनी यांचा राजवटीशी स्नेह सर्वश्रुत होता. स्तुतीच्या पाट्यांवर देवाच्या नावाशेजारी त्रुहियोचे नाव झळकत असे, आणि ते पुसून टाका असे धर्मपीठावरून कोणी म्हणाले नाही.

ही तीस वर्षांची गप्प बसण्याची रीत जानेवारी १९६० मध्ये मोडली. आधल्या वर्षी जूनमध्ये हद्दपार बंडखोरांचा एक प्रयत्न चिरडला गेला होता आणि त्यानंतर हजारो तरुणांची धरपकड व छळ सुरू झाला होता. बिशपांनी एक पालकीय पत्र काढून माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा उच्चार केला आणि ३१ जानेवारीच्या रविवारी ते देशभरच्या मिस्सांत वाचले गेले. पत्राची भाषा सौम्य आहे. त्रुहियोची थेट निंदा नाही. तरीही भीतीने मुक्या झालेल्या देशात ते मोठ्याने वाचले जाणे हीच घटना होती. त्याची किंमतही मोजावी लागली. सान हुआनचे बिशप रायली आणि ला वेगाचे बिशप पानाल यांना धमक्या, विटंबना, हल्ले सोसावे लागले. 'चर्चचा उपकारकर्ता' ही पदवी आपणांस मिळावी, अशी त्रुहियोची इच्छा होती. चर्चने ती दिली नाही. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मिराबाल घराण्यातील पात्रिया, मिनेर्व्हा आणि मारिया तेरेसा या तीन बहिणींना तुरुंगातील पतींना भेटून परतताना वाटेत मारून टाकण्यात आले. सबंध देश त्या दिवशी हादरला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने तीच तारीख स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिन म्हणून नेमली.

योसा यांनी त्या पत्राचा परिणाम साल्व्हादोर या श्रद्धाळू कटवाल्याच्या मनातून दाखविला आहे. आपल्या चर्चने अखेर तोंड उघडले, म्हणून तो मिस्सात बसून रडतो. हे पान लिहिताना त्या अश्रद्ध लेखकाने श्रद्धेला पुरता न्याय दिला आहे. पण पुढे साल्व्हादोरला प्रश्न पडतो: अत्याचाऱ्याला ठार मारणे हे पाप आहे काय? एक धर्मगुरू त्याला पोपच्या राजदूताकडे घेऊन जातो. राजदूत झानिनी काही न बोलता संत थॉमस अक्वायनस यांचा ग्रंथ उघडतात आणि एका वाक्यावर बोट ठेवतात. साल्व्हादोर मोकळ्या मनाने बाहेर पडतो.

नाट्य म्हणून प्रसंग उत्तम आहे. धर्मविचार म्हणून अर्धवट आहे. संत थॉमस यांनी तरुणपणी पीटर लोम्बार्डच्या ग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात, बळाने सत्ता लुबाडणाऱ्याचा वध करणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे, हे खरे. परंतु राजसत्तेविषयीच्या आपल्या नंतरच्या पुस्तकात ते फार सावध होतात. खाजगी माणसाने असे कृत्य अंगावर घेणे धोक्याचे आहे, कारण असा धोका पत्करणारे बहुधा सज्जन नसतात. अत्याचाऱ्याला दूर करणे हे सार्वजनिक अधिकाराचे काम आहे, असे ते म्हणतात. मानवी उपाय खुंटले तर देवाकडे वळावे, आणि ते साहाय्य मिळण्यासाठी लोकांनी आधी आपले पाप सोडावे, असेही ते सांगतात. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनेही कोणीही उठून अत्याचाऱ्याला ठार करावे, या मताचा निषेध केला होता. दुसरीकडे, उघड आणि दीर्घकाळ चाललेल्या जुलमाचा अपवाद पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात लक्षात घेतला आहे. तेव्हा प्रश्न एका वाक्याने सुटणारा नाही. साल्व्हादोरचा न्याय आम्ही करणार नाही. त्याने आपल्या कृत्याची किंमत अमानुष छळाने आणि प्राणाने मोजली. तथापि संत थॉमस यांचे ते शेवटचे म्हणणे, लोकांनी पाप सोडावे हे, कादंबरीत आले असते तर तिचे दोन पदर एकमेकांना भिडले असते. कारण ते पाप म्हणजे तीच घराघरांतील पाटी.

आणि अस्ताचा इतिहास त्याची साक्ष देतो. ३० मेच्या रात्री गोळ्या अचूक लागल्या. पण पुढचे काही घडलेच नाही. सेनाप्रमुख रोमान कटात सामील होता. प्रेत पाहिल्यावर त्याने सत्ता हाती घ्यायची, असे ठरलेले. प्रेत मोटारीत पडलेले असताना तो या बराकीतून त्या बराकीत फिरत राहिला आणि हुकूम काही देऊ शकला नाही. धनी मेला तरी धन्याची नजर त्याच्या आत जिवंत होती. आमच्या मते कादंबरीतील सर्वांत खोल प्रकरण हेच. त्यानंतर त्रुहियोचा मुलगा रामफिस पॅरिसहून परतला. महिनोन् महिने छळ चालला, आणि देश सोडण्यापूर्वी नोव्हेंबरमध्ये त्याने उरलेल्या सहा कैद्यांना गोळ्या घातल्या.

या सगळ्यातून एक माणूस अलगद वर येतो: होआकिन बालागेर. नावापुरता राष्ट्राध्यक्ष, ठेंगणा, मृदुभाषी, कवी, नियमित मिस्साला जाणारा. धनी जिवंत असताना त्याने देव आणि त्रुहियो या विषयावर व्याख्यान दिले होते. धनी मेल्यावर त्याने प्रत्येक पक्षाशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलून राज्य सावरले. हत्येच्या दुसऱ्या दिवशीचे त्याचे प्रकरण वाचताना त्याच्या हुशारीचे कौतुक वाटू लागते आणि मग आपलीच भीती वाटते. इतिहासात त्याचे पुढे काय झाले? १९६२ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या हुआन बॉश यांचे सरकार सात महिन्यांत उलथले, १९६५ साली अमेरिकन फौजा उतरल्या, आणि १९६६ ते १९७८ व पुन्हा १९८६ ते १९९६ असा बालागेर राष्ट्राध्यक्ष राहिला. अखेरीस दृष्टी गेली तरी. उरानिया परतते ते साल १९९६! बोकड मेल्यानंतर पस्तीस वर्षांनी ती येते, तेव्हा बोकडाचा माणूस नुकता कोठे खुर्चीवरून उतरत आहे.

लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. १९९० साली योसा पेरूच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि आल्बेर्तो फुजिमोरी यांच्याकडून हरले. १९९२ साली फुजिमोरींनी लष्कराच्या साहाय्याने संसद बरखास्त केली. नोव्हेंबर २००० मध्ये जपानला जाऊन तेथून फॅक्सने राजीनामा पाठविला. म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी लेखकाच्या देशातला हुकूमशहा पडला. योसा यांनी त्या राजवटीचा सातत्याने धिक्कार केला होता. त्याच योसा यांनी २०२१ साली, दोन वाइटांतले कमी वाईट म्हणून, फुजिमोरींची कन्या केइको यांना मत देण्याचे आवाहन केले. आम्ही त्यांच्यावर दगड उचलणार नाही. कमी वाईट निवडण्याची वेळ कोणावर येत नाही? परंतु काब्राललाही हाच हिशेब करावा लागला होता. ज्या लेखकाने तो हिशेब इतक्या निर्दयपणे उघडा केला, त्यालाही अखेर तो चुकला नाही. यामुळे कादंबरी खोटी ठरत नाही; उलट तिचे म्हणणे अधिकच खरे ठरते.

या पुस्तकात उणिवा आहेत, त्या आम्ही सांगितल्या. तरीही हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्यांत तिचे स्थान वरचे आहे, असे आमचे मत आहे. अस्तुरियास यांच्या १९४६ च्या 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते'मध्ये हुकूमशहा एखाद्या सावलीसारखा आहे. गार्सिया मार्केस यांच्या १९७५ च्या 'ऑटम ऑफ द पेट्रिआर्क'मध्ये तो दंतकथेतला राक्षस आहे. योसा यांचा त्रुहियो पहाटे उठतो, दाढी करतो, घामाला घाबरतो. आणि म्हणूनच आपण त्याला दुसऱ्या जगातला प्राणी म्हणून दूर लोटू शकत नाही.

वाचकहो, या कादंबरीने आम्हांला आमच्याच चर्चच्या भिंतीकडे पाहावयास लावले. नव्या इमारतीसाठी कोणी मोठी देणगी देतो, संगमरवरी पाटीवर नाव कोरावे अशी इच्छा व्यक्त करतो आणि आम्ही आनंदाने कोरतो. त्यात पाप नाही. पण त्याच माणसाच्या अन्यायाविषयी रविवारच्या प्रवचनात एखादे वाक्य येऊ घातले, की आमची जीभ त्या पाटीला अडखळते. त्या देशातील बिशपांना पहिले वाक्य उच्चारायला तीस वर्षे लागली. आम्हांला किती लागतात, हे प्रत्येक धर्मगुरूने आपापल्या प्रार्थनेत पाहावे. आणि प्रत्येक घरधन्याने आपल्या घरात, जेथे मुलीबाळींच्या वाट्याचा निर्णय नोकरीच्या, मानाच्या, बिरादरीच्या तराजूत होतो.

उरानियाची हकिगत संपते तेव्हा रात्र झालेली असते. तिची तरुण भाची मारियानिता तिला घट्ट मिठी मारते. पित्याच्या पत्रांना पस्तीस वर्षे उत्तर न देणारी उरानिया हॉटेलच्या खोलीत सामान आवरताना मनाशी ठरविते, की या मुलीने पत्र पाठविले तर त्याला आपण उत्तर द्यायचे. क्षमा झाली, असे लेखक म्हणत नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. इतकेच, की त्या घरात जे कधी बोलले गेले नव्हते ते बोलले गेले आणि एका मुलीने ते ऐकून घेतले.